शोध्या आणि कमळाबाईंचे धवले

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. तेरा वर्षांचा. माणसांमध्ये हे शाळकरी वय झाले, पण आमच्या जातीत एवढ्या वयाला पणजोबा म्हणतात. माझा सगळा देह दोनशे ओळींत मावतो. मला चित्रे नाहीत, बटणे नाहीत, रंग नाहीत. जिथे नुसती अक्षरे टाइप करायची अशा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये मी राहतो. माझे नाव शोध्या. हे नाव मला योगिनीताईंनी दिले आणि मला घडवलेही त्यांनीच.

योगिनीताई डोंबिवलीच्या. एकोणिसाव्या वर्षी एका तापात त्यांची दृष्टी गेली. कॉम्प्युटरचे शिक्षण अर्धे झाले होते. घरच्यांना वाटले, आता संपले. त्यांनी मात्र पडद्यावरचे वाचून दाखवणारा आवाज शिकून घेतला, उरलेले शिक्षण पुरे केले आणि ठाण्यात माजिवड्याला अंधांसाठीच्या एका बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात नोकरी धरली. तिथे लोक येऊन पुस्तके वाचत, ती रेकॉर्ड होत, आणि हजारो फाईली सांभाळणे हे ताईंचे काम होते.

फाईली शोधायला कॉम्प्युटरचा एक जुना हुकूम आहे. तो कामाचा आहे, पण बोलायला फार तिरसट! त्यात प्रत्येक कंसाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. तुम्ही ती डोळ्यांनी पाहून पुढे जाता. ताईंच्या कानात मात्र तो आवाज एकेक चिन्ह ओतत असे: "बॅकस्लॅश, डावा कंस, स्पेस, हायफन, नेम, स्पेस, अवतरण, स्टार..." ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायला होई.

एका दिवाळीच्या सुट्टीत ताई हट्टाला पेटल्या. त्यांचा एडिटर लिस्प नावाची भाषा बोलतो. त्या भाषेत सगळे कंसात असते. कंसाच्या पोटात कंस, जशा डब्यात डब्या. एक कंस मिटला की तो कुठे उघडला होता ती ओळ एडिटर वाचून दाखवतो. म्हणजे वाक्याचा आकार कानाने कळतो. ताईंनी ठरवले की आपण आपल्याला हवे ते लिस्पच्या स्वच्छ कंसांत सांगायचे आणि त्याचा तिरसट हुकूम कोणीतरी बनवून द्यायचा. तो कोणीतरी म्हणजे मी. त्यांनी लिहायचे, 'आणि', त्याच्या पोटात 'किंवा', त्याच्या पोटात दोन नावे, शेजारी 'हा कप्पा नको'. मी क्षणात सगळ्या तिरक्या रेघा, सगळी अवतरणे जागच्या जागी बसवून लांबलचक हुकूम तयार करायचो. पहिल्यांदा तो बिनचूक चालला तेव्हा ताई खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसल्या. माझा जन्म त्या हसण्यात झाला असे मी मानतो.

पुढची काही वर्षे मी खूप राबलो. कोणाला दहावीचा इतिहास हवा, कोणाला अर्धवट राहिलेली कादंबरी. ताईंची बोटे कंस उघडत, कंस मिटत, आणि मी हुकूम जुळवत असे. डोळस माणसे माऊस घेऊन कप्प्यामागून कप्पे उघडत बसत. तोवर ताईंनी फाईल काढून, कॉपी करून, वाचकाला फोनही केलेला असे. बाहेरचे एक पाहुणे म्हणाले होते, "मॅडम, हे तुम्ही बघून केलं असतं तरी मी थक्क झालो असतो." ताई म्हणाल्या, "बघून केलं असतं, तर इतकं नीट झालं नसतं."

मग माझे दिवस फिरले. ताईंना कल्याणच्या नव्या शिकवणी वर्गाची जबाबदारी मिळाली. माजिवड्याला विनीत नावाचा तरुण तंत्रज्ञ आला. मुलगा हुशार, कामाला वाघ, पण घाईचा. त्याने मला एकदा उघडून पाहिले आणि म्हणाला, "एवढे कंस? कोण वापरतं यार हे आता?" मी पुन्हा मिटलो, तो दोन वर्षे कोणी उघडले नाही. माझ्यावर धूळ बसू शकत नाही, मित्रांनो. पण कोणी हाक न मारणे ही आमची धूळच.

आता कमळाबाईंबद्दल सांगतो. दिवा स्टेशनजवळच्या एका जुन्या आगरी गावातल्या कमळाबाई मढवी तरुणपणी मिठागरावर राबलेल्या आणि जन्मभर धवलारीण म्हणून मानाने वावरलेल्या. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. वाचनालयाच्या रवींद्रकाकांनी त्यांच्या अंगणात बसून चौदा धवले रेकॉर्ड केले होते. ते 'बोली' नावाच्या कप्प्यात ठेवले होते. हे धवले कोणत्याही वहीत नव्हते. कमळाबाईंना लिहिता येत नव्हते.

गेल्या वर्षी वाचनालयाचा कॉम्प्युटर भरला. पुस्तके तयार झाली होती, तेव्हा त्यांची कच्ची रेकॉर्डिंग आणि जुन्या नकला पुसायच्या, फक्त 'बोली'चा कप्पा सोडायचा, असे ठरले. विनीतने हुकूम हाताने लिहिला. 'बोली सोडून, नकला किंवा कच्ची रेकॉर्डिंग, पुसून टाक.' वाचायला बरोबर वाटते ना? पण त्यात कंस नव्हते. कॉम्प्युटरला 'किंवा' दिसला की तो वाक्य तिथेच तोडतो. 'बोली सोडून' ही अट नकलांना चिकटली, आणि 'पुसून टाक' कच्च्या रेकॉर्डिंगला. धवल्यांची तर फक्त कच्ची रेकॉर्डिंगच होती, म्हणून चार सेकंदांत बोलीचा कप्पा रिकामा झाला.

त्यानंतरचे बोलणे मला ठाऊक आहे, कारण ताईंनी ते पुढे माझ्या शेजारच्या टिपणाच्या फाईलमध्ये लिहून ठेवले. दुसऱ्याच आठवड्यात कमळाबाईंची नात कल्पिता वाचनालयात आली. तिचे लग्न ठरले होते.

"आजीला झटका आलेला, आठ महिने झाले," ती म्हणाली. "एक शब्द बोलत नाही. माझ्या हळदीला आजीचाच धवला पाहिजे, दादा. तुमच्याकडे आहे ना तो?"

विनीतने कप्पा उघडला. तो रिकामा होता. त्याने खोटे सांगितले नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. तो म्हणाला, "माझ्या हातून पुसला गेला. मला थोडे दिवस द्या." आणि त्याने कल्याणला ताईंना फोन लावला.

"ताई, माझी चूक झालीय. मोठी."

ताईंनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "रवींद्रकाकांची जुनी डिस्क कुठे आहे?"

निवृत्त झालेले रवींद्रकाका आंबिवलीला राहत होते. ताई आणि विनीत त्यांच्या घरी गेले. डिस्क त्यांच्या कपाटात होती, पण तिच्यात एकतीस हजार फाईली होत्या. नातवंडांचे फोटो, गाणी, सहली. रेकॉर्डिंगना यंत्राने दिलेली नावे: नवीन रेकॉर्डिंग एक, नवीन रेकॉर्डिंग दोन.

"अगं योगिनी, तेव्हा वाटलं, घरी जाऊन नावं देऊ," काका ओशाळून म्हणाले. "राहूनच गेलं."

"असू दे काका. तुम्ही कमळाबाईंकडे कधी गेला होतात?"

"तारीख कुठली आठवायला! माघी गणपतीचा मांडव निघाला होता बघ, आणि परतताना त्यांनी मला ओल्या वालाच्या शेंगा दिलेल्या."

ताईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोन वर्षांनी मला हाक मारली. विनीत शेजारी बसला होता. त्यांनी पहिला कंस उघडला. या दोन प्रकारच्या आवाजाच्या फाईली किंवा त्या तिसऱ्या प्रकारच्या, कंस मिटला. एकतीस हजारांच्या दोन हजार सहाशे झाल्या. 'आणि', आकार मोठा हवा, कारण धवला लांब असतो: दोनशे बारा. 'आणि', दर वर्षीच्या माघी गणपतीनंतरचे तीन आठवडे. 'आणि नाही', गाण्यांचा कप्पा. मी जीव ओतून हुकूम जुळवला. एकोणीस फाईली उरल्या.

"यात पुसण्याचा शब्द कुठेच नाही," विनीत हळूच म्हणाला.

"पहिल्यांदा नेहमी फक्त यादी मागायची," ताई म्हणाल्या. "यादी ऐकायची. मग काय ते ठरवायचं. तू वाचलीस का तुझी यादी?"

विनीतने मान हलवली, मग त्यांना ते दिसणार नाही हे आठवून म्हणाला, "नाही वाचली."

काकांनी एकेक लावून ऐकली. एकोणीसपैकी अकरांमध्ये कमळाबाई होत्या. तीन धवले सापडले नाहीत. त्यांतला एक पाठवणीचा होता. काकांनी यंत्रात जागा नाही म्हणून ते कधीतरी पुसले असावेत. ते आता कुठेच नाहीत. पण हळदीचा सापडला.

मला कान नाहीत, म्हणून तो कसा आहे ते मी सांगू शकत नाही. मला त्याचे वजन माहीत आहे: एक्केचाळीस मेगाबाइट. पुढचे टिपणात आहे. कल्पिताच्या हळदीला विनीतने अंगणात स्पीकर लावला. कमळाबाईंना खुर्चीवर आणून बसवले होते. स्वतःचाच आवाज सुरू झाला तशी त्यांनी मान वर केली. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या कडव्याला त्या गायल्या. बोलता येत नव्हते, तरी गाणे जसेच्या तसे आले, शब्दांसकट. डॉक्टरांनी नंतर सांगितले की असे कधी कधी होते. बोलणे आणि गाणे डोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. बायका ओरडल्या, "अगो, आय गातंय!" कल्पिता हळद भरल्या हातांनी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली.

धवला संपला, स्पीकर थांबला. कमळाबाई थांबल्या नाहीत. स्पीकरमध्ये नसलेला पाठवणीचा धवला त्यांनी तिथेच सुरू केला, आणि विनीतने धावत जाऊन फोन पुढे धरला. तो वाचनालयात परतला तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्याने त्या फाईलला नाव दिले: पाठवणीचा धवला, कमळाबाई मढवी, त्यांच्या अंगणात, कल्पिताच्या हळदीला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचा तरी आवाज फोनमध्ये असाच पडून असेल. त्याला आजच नाव द्या. पुसण्याआधी एकदा यादी वाचा. मी कंस जुळवीन, अटी लावीन, हजारोंतून एकोणीस काढून देईन. पण त्या एकोणिसांत आपले माणूस कोणते, हे तुम्हालाच ऐकून ओळखावे लागेल.