पाठ फिरवली की बंद

मी समोर उभा असलो की ती फर्नेस अगदी शहाण्यासारखी चालायची. पाठ फिरवून बाबांच्या खोलीत जाऊन बसलो, की थोड्या वेळात 'खट्' आणि बंद. च्यायला, यंत्र आहे की सरकारी कचेरीतला कारकून? साहेब समोर असला तर काम, नाहीतर डुलक्या!

पिस्कॅटवेमधलं आमचं भाड्याचं घर जुनं, तेलाच्या फर्नेसवर तापणारं. पॅसेजमध्ये कपाटाएवढी एक खोली, तिला लाकडी पट्ट्यांचं, फटी-फटींचं दार आणि आत ही महामाया. बाहेर जानेवारीचा बर्फ, आणि हॉलशेजारच्या खोलीत माझे बाबा. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर उघड्या अंगाने झोपणारा हा माणूस आता कानटोपी घालून दोन रजयांखाली थरथरत होता. दिवाळीत आई-बाबा आमच्याकडे आले काय आणि बाबांना स्ट्रोक झाला काय. मग छातीत कफ भरला. घरी पाठवताना हॉस्पिटलवाल्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, विमानप्रवास झेपणार नाही, आता फार काही करण्यासारखं नाही, उबेत ठेवा, त्रास होऊ देऊ नका. म्हणजे माझ्याकडे मागितलं काय, तर एक खोली गरम ठेव. एवढा इंजिनिअर म्हणून मिरवणारा मी, आणि माझ्याच्याने तेवढंही होईना.

आईला मात्र डॉक्टरांचं म्हणणं मान्यच नव्हतं. बाबा घरी आले त्याच दिवशी तिने फर्नेसच्या दाराशेजारी एका चौरंगावर देव मांडले आणि अखंड दिवा लावला. "हे आपल्या पायांनी विमानात चढेपर्यंत मी दिवा विझू देणार नाही," असं ती देवाला बोलली होती. दिवसभर तेल घाल, वात सार, हात आडवा धर. मी वैतागायचो. माझी बायको आश्लेषा मला डोळ्यांनी दटावायची.

मी फर्नेसच्या मागे हात धुऊन लागलो होतो. टाकीत तेल आहे का पाहिलं. आहे. थर्मोस्टॅट बदलला. फरक शून्य. तेलाच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने फिल्टर बदलला, आतली काजळी काढली. सगळा वेळ दार सताड उघडं टाकून तो काम करत होता आणि बयेने एकदाही कुरकुर केली नाही. तो गेला, मी दार लावलं, आणि चहा गाळेपर्यंत पुन्हा बंद. लाल बटण दाबलं की सुरू व्हायची, पण सारखं दाबू नका, आत न जळलेलं तेल साठेल, असा दम तो देऊन गेला होता. विजेचा छोटा हीटर बाबांच्या पलंगाशी लावला, तर त्यांचे पाय तापायचे आणि पाठ गारच राहायची. त्यांना बोलता येत नव्हतं. फक्त दात वाजायचे. तो आवाज ऐकला की मला कुठेतरी डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

शनिवारी दुपारी माझं टाळकं सटकलं. म्हटलं, आज हिला रंगेहाथ पकडतो. टॉर्च घेऊन मी त्या खोलीत शिरलो आणि आतून दार लावून घेतलं.

काळोख. एवढ्या फटींचं दार, आणि बाहेरच्या उजेडाचा एक कण आत येईना. फर्नेस धडधडत होती. बघायच्या भोकातून ज्योत आधी लख्ख दिसली, मग पिवळी पडली, मग धूर ओकू लागली, आणि 'खट्'. माझा घसा जळायला लागला. मी टॉर्च दाराकडे फिरवला. प्रत्येक फटीत आतून चिंध्या कोंबलेल्या होत्या. आईच्या जुन्या पातळाच्या. दार आत उघडायचं आणि त्याची आतली बाजू भिंतीला लागायची, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही.

खोकत बाहेर आलो आणि ओरडलो, "आई! हे काय करून ठेवलंयस?"

आई वात सारत होती. "दिवा विझत होता रे," ती म्हणाली. "ती चालू झाली की ज्योत दाराकडे ओढली जायची. दोनदा अगदी जाता जाता वाचली."

"अगं, तिला जळायला हवा लागते! तू तिचा श्वास कोंडलास. म्हणून बंद पडते ती. इतके दिवस बाबा तुझ्या दिव्यापायी गारठताहेत, कळतंय का तुला?"

असं बोलायला नको होतं. पण बोलून गेलो. आईचा चेहरा पांढराफटक पडला. आश्लेषा धावत आली. "आई, आपण देव किचनमध्ये नेऊ या ना. तिथे वारा नाही."

"नको," आई म्हणाली. "राहू दे."

ती उठली आणि फटींमधल्या चिंध्या ओढून काढू लागली. मी मदत करायला गेलो तर तिने माझा हात बाजूला सारला. सगळ्या काढून झाल्यावर दार लावलं आणि म्हणाली, "कर सुरू."

मी पुन्हा आत जाऊन लाल बटण दाबलं आणि दार ओढून बाहेर आलो. फर्नेस धडधडली. दिव्याची ज्योत आडवी झाली. आई शेजारीच उभी होती. तिने हात पुढे केला नाही. ज्योत गेली.

ती बाबांच्या खोलीत गेली. भिंतीतल्या जाळीतून गरम हवा येऊ लागली होती. रजईतून बाबांचा हात काढून तिने आपल्या हातात घेतला. "आली ना ऊब?" मग त्याच आवाजात म्हणाली, "अहो, मी फार अडवून धरलं तुम्हाला. आता नाही अडवत. जायचं असेल तर जा. मी राहीन सिद्धेशजवळ."

बाबांचे दात वाजायचे थांबले होते. ते तिच्याकडे बघत होते.

"आई, असलं काहीतरी बोलू नकोस!" म्हणत मी पॅसेजमध्ये पळालो. आयुष्यात कधी देवापुढे हात न जोडणारा मी, काडेपेटी घेऊन त्या चौरंगापुढे गुडघ्यांवर बसलो. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. वात कशीबशी धरली आणि लगेच दाराकडे झुकून गेली. मग मी उठलो आणि फर्नेसच्या स्विचवर हात ठेवला.

बाबांच्या खोलीतून आईचा आवाज आला. "सिद्धेश, बंद नको रे करूस. थंडी वाजते त्यांना."