बैठकीचा सोमवार

सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत बोलत नाही. अंगद पोटात होता तेव्हा हे मौन धरलं, ते आजवर चालू आहे. घरात सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं आहे. सोमवारी मला कुणी काही विचारत नाही, विचारलं तर मान हलवून उत्तर देता येईल इतकंच. बाकीचे नेमही आहेत. तुळशीचं पाणी, एकवीस दूर्वा, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊन येणं. पण ते कधी कुणाच्या आड आले नाहीत. मौन आलं. आलं म्हणजे, मीच आणलं.

नऊ वर्षं झाली त्याला. आमची सून यशश्री जालन्याच्या मस्तगडातली. वडील कचेरीत कारकून, पोरगी बी.ए. झालेली. आमचं घर टेंभुर्णीच्या शिवारात, शेतावरच. शहरातली पोरगी इथं कशी टिकेल म्हणून मी आधी घाबरले होते. पण ती शेणात हात घालायलाही लाजली नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. थोरली आकांक्षा पाच वर्षांची, धाकटी संध्या दहा महिन्यांची. त्या श्रावणात यशश्रीचा जालन्याला बी.एड.ला नंबर लागला.

शुक्रवारी दुपारी मी देवासाठी वाती वळत बसले होते. ती येऊन शेजारी बसली, थोडा कापूस घेतला आणि वळायला लागली. तिच्या वाती नेहमी जाड व्हायच्या.

"आत्याबाई, एक बोलू का?"

"बोल की."

"मला दोन लेकरं बास झाली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात ऑपरेशनचं शिबिर आहे. सही माझी एकटीची चालते. पण करून आल्यावर याच घरात यायचंय ना मला."

"अंगद काय म्हणतो?"

"ते म्हणतात, आई-वडील म्हणतील तसं. ते स्वतःहून कधी काही म्हणलेत का?"

मला हसू आलं. तीही हसली. मग वात खाली ठेवून म्हणाली, "दोन वर्षं पोरींना घेऊन माहेरी राहते, बी.एड. करते. पण तिसरं लेकरू झालं ना आत्याबाई, तर सरकारी नोकरीचा अर्जच भरता येत न्हाई. कायदाच आहे तसा. मास्तरीण व्हायचं तर आत्ताच. तुम्ही मामंजींशी बोलाल का?"

मी म्हणाले, "बोलते. तुझ्या बाजूनं बोलते. तू काळजी करू नको."

ती माझ्या पाया पडली नाही, काही नाही. फक्त संध्याला कडेवर घेऊन गोठ्याकडं गेली, आणि तिकडून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. ते मला अजून ऐकू येतं.

सोमवारी ओसरीवर बैठक बसली. आमच्या घरात मोठं काही ठरवायचं असलं की थोरल्या नणंदेला, झुंबरबाईंना, बोलावतात. त्या जाफराबादहून काळी-पिवळी जीपनं आल्या. आल्या आल्या पाणी प्यायच्या आत म्हणाल्या, "कुठं गेली तुमची कलेक्टरीण?"

यशश्रीनं चहा दिला आणि पदर सावरून समोर बसली. अंगद खांबाला टेकून मोबाईलमध्ये बघत होता. हे, म्हणजे आमचे मालक काकासाहेब, बाजेवर. मी उंबऱ्याच्या आत, हातात जपमाळ.

यशश्रीनं एक मोठा कागद पसरला. पेन्सिलीनं काढलेला आमच्याच जमिनीचा नकाशा. कॉलेजात भूगोल होता तिचा.

"मामंजी, आजोबांच्या वेळी या जमिनीवर एक घर होतं. माणसं अकरा, विहीर एक. चिंचा, आंबे, लिंब धरून झाडं त्रेचाळीस. तुम्हीच सांगितलं होतं मला."

"बराबर हाय."

"आता सगळ्या भावकीची मिळून घरं चौदा. माणसं एक्याऐंशी. बोअर सतरा, त्यातल्या तीनलाच पाणी. झाडं सहा राह्यली. जिथं झाडं होती तिथं घरं झाली. नाल्याचा काठ पण गेला."

झुंबरबाई हसल्या. "काकासाहेब, तुझी सून आमची खानेसुमारी करून राह्यली की रे! मला धरलं का गं त्यात? का लग्न होऊन गेले म्हणून सोडलं?"

"तुम्हाला न्हाई धरलं, अक्का."

"बरं झालं. एक बोअर वाचला तुमचा."

सगळे हसले, अंगदसुद्धा. यशश्रीही हसली, पण कागद तिनं उचलला नाही.

"पाऊस पडत न्हाई म्हणून पाणी न्हाई," हे म्हणाले. "लेकरांचा काय संबंध?"

"पाऊस तेव्हाही कमी-जास्त पडायचाच, मामंजी. तरी मे महिन्यात विहिरीत पोहायचे तुम्ही. आता होळी झाली की टँकर. मी म्हणते, आपल्या घरापुरतं तरी दोनावर थांबू."

"अन् दोन्ही पोरी," झुंबरबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "लोकांची घरं एका पोरावर चालत न्हाईत, अन् तू पोरीवर चालवायला निघाली? मला तीन हायेत. उपाशी मेले का?"

"एक पुण्याला, एक संभाजीनगरला, अन् तिसरा टँकर चालवून राह्यला, अक्का."

हे ती चुकून बोलली असेल. कुणी हसलं नाही. झुंबरबाईंनी कप खाली ठेवला.

यांचा आवाज कधी चढत नाही. शांतपणे म्हणाले, "पोरी, मी न्हाई म्हणत न्हाई. शिकायला माझी बिलकुल ना न्हाई. फक्त एक पोरगा होऊ दे. मंग जा, कितीबी शिक. कॉलेज कुठं पळून चाललंय?"

"तेव्हा शिकून उपयोग न्हाई, मामंजी. अर्जच चालणार न्हाई."

"नोकरी करायलाच आणली का तुला?" झुंबरबाई म्हणाल्या.

मग यांनी माझ्याकडं बघितलं. "हिचा आज सोमवार हाय. न्हाईतर हिलाबी विचारलं असतं."

यशश्री वळली. तिच्या नजरेत अजून भीती नव्हती. तिला खात्री होती माझी. "आत्याबाई, बोलू नका. नुसती मान हलवा. मामंजींना दिसू द्या."

मान हलवल्यानं मौन मोडत नाही. रोजच्या किती गोष्टींना हलवते मी सोमवारी, दूध उतू चाललं तर, कुणी दार वाजवलं तर. त्या दिवशी मी डोळे मिटले आणि माळेचा पुढचा मणी ओढला.

थोड्या वेळानं कागद गुंडाळल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा ती समोर नव्हती. झुंबरबाई माझ्याकडं बघून म्हणत होत्या, "पुष्पाचं बरं हाय बाई, देवाच्या पलीकडं काही दिसतच न्हाई तिला."

एवढंच असतं तर मी घाबरले म्हणून सोडून दिलं असतं. बायकामाणसं घाबरतातच. पण बैठक सोमवारी का बसली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी, यशश्रीला शब्द दिला त्याच दिवशी, मी तिचं म्हणणं नुसतं यांच्या कानावर घातलं, तेव्हा हे जेवताना म्हणाले, "अक्काला बोलवून घ्यावं म्हणतो. उद्या बोलवू का परवा?" मी ताटात भाकरी वाढत होते. मी म्हणाले, "सोमवारी बोलवा. अक्कांना सोमवारी सवड असते."

अक्कांना रोजच सवड होती.

का म्हणाले, याचं उत्तर मी बरीच वर्षं देवाला वेगवेगळं सांगत आले. यांच्या शब्दापुढं मी कधी गेले नव्हते, हे एक. अक्कांच्या तोंडाची भीती, हे दुसरं. पण खरं उत्तर त्याच्या खाली होतं. मलाही नातू हवा होता. राजूरला गणपतीसमोर उभं राहून मी चतुर्थीमागून चतुर्थी तेच मागत होते, आणि घरी येऊन सुनेला म्हणत होते, तुझ्या बाजूनं बोलते. दोन्ही खोटं नव्हतं, म्हणून तर वार निवडावा लागला.

बी.एड.ची तारीख निघून गेली. शिबिरही झालं. दीड वर्षानं तिसरी मुलगी झाली. पोरींची रांग थांबावी म्हणून झुंबरबाईंनी नाव ठेवलं, तृप्ती. त्यानंतर एकदा यशश्रीचं तिसऱ्या महिन्यात गेलं, अंगात रक्त राहिलं नाही, महिनाभर जालन्याला होती. मग मुकुल झाला. राजूरला पेढे वाटले आम्ही. गर्दीत मी यशश्रीकडं बघितलं. ती तृप्तीचं नाक पुसत होती. मुकुलच्या वेळीच तिचं ऑपरेशन झालं. तेव्हा कुणाला बैठक घ्यावीशी वाटली नाही.

नातवंडांवर माझा जीव आहे. मुकुल माझ्याशिवाय झोपत नाही. त्याच्याकडं बघून पश्चात्ताप करणं म्हणजे पाप वाटतं, आणि न करणंही. पाण्याचा सगळा दोष लेकरांच्या माथी मारावा असंही नाही. ऊस आम्हीच लावला होता, बोअर आम्हीच घेतले. पण गेल्या वर्षी अंगदनं दोन खोल्या वाढवल्या, चार लेकरं कुठं झोपवायची म्हणून, आणि त्यासाठी घरामागचे दोन आंबे पाडले. यशश्रीच्या कागदावर सहा झाडं होती. आता चार आहेत.  फांद्या ओढून चुलीसाठी रचून ठेवल्या तिनं.

माझ्याशी ती वाईट वागली नाही कधी. औषध वेळेवर देते, दूर्वा निवडून ठेवते. पण त्या सोमवारनंतर ती माझ्याजवळ वाती वळायला बसली नाही. आणि "आत्याबाई, एक बोलू का" असं तिनं मला पुन्हा कधी म्हटलं नाही.

यंदा उन्हाळ्यात आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. शेजारची साधना, भावकीतल्याच पुतण्याची बायको, दुपारी अर्ज घेऊन आली. बारावी झालेली, दोन लेकरं, अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

"यशश्रीताई, तुम्हीच भरून द्या ना. माझं लिहिलेलं मलाच वाचता येत न्हाई."

"मंग अंगणवाडीतल्या लेकरांचं काय करशील?"

"त्यांना कुठं वाचता येतंय!"

दोघी हसल्या. यशश्रीनं पेन घेतला. चौदा वर्षांची आकांक्षा शेजारी अभ्यासाला बसली होती, ती मधेच म्हणाली, "मम्मी, तू काहून भरत न्हाई? तू तर बी.ए. आहेस. साधनाकाकूपेक्षा तुझाच नंबर लागंल."

साधना खाली बघायला लागली. यशश्री लिहीतच राहिली. "हे बघ, इथं लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. हयात अपत्यं दोन. आपण चौघं आहोत." मग स्वतःच सुधारलं, "तुम्ही चौघं आहात." आणि साधनाच्या रकान्यात तिनं 'दोन' लिहिलं, गोल, नीट, फळ्यावर लिहावं तसं.

साधना गेली, आकांक्षा शेजारी खेळायला गेली. मी तेव्हा बोलले. कुठला वार होता ते आठवत नाही, सोमवार नव्हता इतकंच.

"यशश्री, त्या बैठकीचा वार मी सांगितला होता."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मामंजींना मीच म्हणाले, सोमवारी बोलवा. मला बोलावं लागू नये म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"मामंजीच बोलले होते, संध्याच्या पहिल्या वाढदिवसाला. सहज. 'तुझ्या सासूनंच सोमवार सांगितला, न्हाईतर आम्ही रविवारी बसणार होतो.' त्यांना काही कळलंबी न्हाई, काय सांगितलं ते."

म्हणजे आठ वर्षांच्या वर झालं होतं त्याला. आठ वर्षं ती हे घेऊन माझ्या हातात औषध देत होती.

"मंग मला बोलली का न्हाईस गं? भांडायचं तरी."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुम्हाला बोलून काय झालं असतं, आत्याबाई? तुम्ही त्याचाबी एक उपास धरला असता. मंग तुमचं फराळाचं अजून एक दिवस मलाच करावं लागलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं जे होतं ते सांगितलं होतं. खरं सांगते, तिच्याशी बोलायला तोंड उघडायच्या आधीच माझ्या मनात निर्जळी एकादशी धरून झाली होती, वर्षभराची.

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. वस्तीतून घागरी, डबे, ड्रम घेऊन बाया-पोरं पळायला लागली. संध्या आणि तृप्ती दोन्ही हातांत डबे घेऊन अंगणातून गेल्या.

"मी जाते, पोरींना घागर उचलत न्हाई," यशश्री म्हणाली. ताटात दोन भाकरी, वांग्याची भाजी वाढून तिनं ते माझ्यासमोर सरकवलं. "जल्दी जेवून घ्या. पाणी आलंय तोवर भांडी घासून घेते."

आणि ती गेली. मी ताटाला हात जोडले आणि जेवायला बसले.  दोन्ही भाकरी खाल्ल्या, भाजी पुसून खाल्ली, आणि ती घागर घेऊन परत यायच्या आत ताट मोरीत नेऊन ठेवलं.