साडूंपेक्षा मोठा आवाज

"संगीतात लहान-मोठं, पुढं-मागं काही नसतं. तिथं सगळे एक!" असं पत्रकारांपुढे हात उंचावून जाहीर करून ढोलवाले टाळ्यांच्या गजरात खाली बसले आणि शेजारच्या रेकॉर्डिस्टला हळूच म्हणाले, "साडूंचं गाणं कितवं रे?"

"पहिलं."

"आणि माझं?"

"सतरावं, काका."

"एकूण किती आहेत?"

रेकॉर्डिस्ट चष्मा पुसू लागला.

युद्धात घरदार गमावलेल्या मुलांच्या मदतीसाठी सतरा कलावंत मिळून हा अल्बम काढत होते. ढोलवाल्यांची उभी हयात दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवण्यात गेलेली. स्वतःच्या नावाचं हे पहिलंच. साडू व्हायोलिन वाजवत. त्यांनी नुसते सूर जुळवायला घेतले तरी लोक डोळे पुसत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे ढोलवाल्यांच्या जळफळाटाची घरपोच सोय होती.

"ताईकडे आज फोटो काढायला माणसं आली होती," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"व्हायोलिनचे की त्याचे?"

"दोघांचे. तुम्हाला का झोंबतंय?"

"मला कशाला झोंबेल! मी जरा स्टुडिओत जाऊन येतो."

स्टुडिओत ते रेकॉर्डिस्टच्या मानगुटीवरच बसले. ढोलाचा आवाज वाढव. अजून वाढव.

"काका, काचा हलतायत."

"साडूंच्या व्हायोलिननं हलल्या होत्या?"

"नाही."

"मग झालं तर!"

अल्बमची नमुना प्रत आधी मुलांच्या वसतिगृहात गेली. आठवड्यानं तिथल्या बाईंचा स्टुडिओत फोन आला. ढोलवाले रोज त्यासाठीच तिथे येऊन बसत होते. त्यांनी झडप घातली.

"काय म्हणतात मुलं?"

"ते व्हायोलिन लावलं की झोपतात हो."

ढोलवाल्यांना आतून गुदगुल्या झाल्या.

"तीन महिन्यांत पहिल्यांदाच शांत झोपली," बाई म्हणाल्या.

"हं. आणि माझं, सतरावं?"

"तुम्ही सुरुवातीला एक-दोन-तीन-चार म्हणता ना, ते सगळी तुमच्याबरोबर ओरडून म्हणतात. पण मग ढोल वाजतो आणि सगळी टेबलाखाली जातात. परवा एक मुलगी बाहेरच येईना. तुमचा काही दोष नाही. त्यांना तो ढोल वाटत नाही, एवढंच."

फोन ठेवून ढोलवाले बराच वेळ तळहातावरचे घट्टे चोळत बसले.

"ढोल काढून टाक."

"काका, ढोल काढला तर एक-दोन-तीन-चार एवढंच उरतं. चार सेकंद."

"उरू दे."

रेकॉर्डिस्टनं ढोल काढून गाणं वाजवून दाखवलं. खोलीत चार आकडे आले, पुढे काही नाही. फक्त ढोलवाल्यांची बोटं सवयीनं मांडीवर आपटली.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"कव्हरवर नाव राहील ना माझं?"

"म्हणजे काय, काका!"

"साडूंच्या नावाएवढ्याच अक्षरांत टाक. जमलं तर जरा जाड."