कानाले पुरलेला हात

“तुले अठरा पूर्ण नाईत, मंग मी काय करू? संगणक घेतच नाई तुले!” दिनेश सर चिडून म्हणाला.

“अन् त्याले घेते? माह्या लहान भावाले?” लालसूनं टेबलावर हात आपटला. “आमच्या मायले विचारा, कोण आधी झालं ते!”

ग्रामपंचायतीच्या हॉलात हसू फुटलं.

दिनेश सर गडचिरोलीच्या एका संस्थेचा. शाळा सुटलेल्या पोरायले पुण्याले नेतो, काम शिकवतो, कंपनीत लावतो म्हणे. वीस पोरं पाह्यजे होती, एकोणीस झाली होती. हेल्मेट मातर एकच. याच्या डोक्यावरून काढून त्याच्या डोक्यावर, असे फोटो चालू होते.

लालसूले जायचंच होतं. आश्रमशाळेत भातात अळ्या निघाल्या तवा त्यानं अधीक्षकाच्या टेबलावर ताट पालथं घातलं, अन् पायीच घर गाठलं. तवापासून दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडाले. बोटायची आग रातभर जात नाई. आजही मुकादमाची गाडी येणार होती. इथी जमलं तं पुणे, नाई तं मिरची.

पण कागद आडवा आला. गावात जन्माची नोंद कोण ठेवते? गुरुजी पोरं रांगेत उभी करे. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाले लागला का पोरगं सहा वर्साचं. जन्मतारीख एक जानेवारी लिहिली का गुरुजी मोकळा. लालसू तवा सात वर्साचा, पण हात बुटके. कान काई गावला नाई. मागं चंदन उभा, पाच वर्साचा, वानरासारखे लांब हात. त्याचा लागला. लहाना आधी शाळेत गेला, मोठा पुढच्या साली. कागदावर चंदन मोठा झाला अन् लालसू लहान. गावाले याचं कधी काई वाटलं नाई. नडलं ते आज.

चंदन बारावीत होता, सायन्सले. परीक्षेले महिना राह्यला होता.

“सर, हा तं शिकून राह्यला,” लालसू म्हणाला. “तुमच्या बॅनरवर शाळा सुटलेले लिहून हाय.”

“शाळा सोडली का, असा एक कॉलम आहे, तो मी भरतो. आईचा अंगठा झाला आहे. आणि तो अठराचा आहे, त्याची मर्जी.”

सोनीबाई, दोघायची माय, भिंतीले टेकून अंगठ्याची शाई लुगड्याले पुसत होती. “घरातला एक तं जाऊ दे रे,” ती म्हणाली. “तुले नाई घेत, तं त्याले जाऊ दे.”

लालसूनं चंदनचा दंड धरला. “तू काऊन गप हाय बे? नर्सिंग करीन म्हणे ना?”

“तू मिरची तोडतं, अन् मी पुस्तक वाचतो,” चंदन खाली पाहत म्हणाला. “होस्टेलात पोरं इचारते, भाऊ काय करते म्हणून.”

“मंग काय सांगतं?”

“सांगतो, लहान हाय. शाळेत जाते.”

लालसूचा हात वर गेला. भावाच्या गालावर पडाच्या आधी तो टेबलाकडं वळला, चंदनचा फॉर्म उचलला अन् टराटरा फाडला.

“ए, येडा झाला काय?” दिनेश सर उठला. “माझा आकडा अडला इथी!”

“आकडा तुमचा. भाऊ माहा हाय.”

मंग चंदन बोलला, हळूच. “सर, दुसरा फॉर्म हाय काय?”

दिनेश सरच्या पिशवीत गठ्ठाच होता.

“चंदन, महिनाभर थांब,” लालसूचा आवाज फाटला. “पेपर दे, मंग जा कुठी जायचं ते. मी हाय ना!”

“तू कुठी हाय दादा? तू तं सिरोंच्याच्या पार, तेलंगणात राह्यतं.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाया गठुडे घेऊन चढून राह्यल्या होत्या. मुकादम लालसूच्या नावानं बोंबलला. त्याची गाडी कोणासाठी थांबत नाई, अन् गाडी सुटली का साल गेलं. चंदननं फॉर्म सरळ करून घेतला, नाव लिहाले लागला.

“मले आता जा लागते,” लालसू म्हणाला.