अपत्य क्रमांक दोन

बाईंनी पर्समधून फोन काढला, टेबलावरून तिच्यासमोर सरकवला आणि हात मागे घेतला.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. "खिडकीवरचा माणूस म्हणाला, मेसेजचं सगळं आतल्या मॅडम बघतात."

ते खरं होतं. लसीकरण कार्यालयाच्या या मागच्या खोलीत ती एकटीच प्रोग्रॅम लिहायची, आणि बाहेरचं कुणी सहसा तिथवर यायचं नाही. तिने फोन उचलला. मेसेज त्यांच्याच कार्यालयाचा होता, सकाळी आलेला.

'आपले अपत्य क्रमांक २,    , याचे सर्व आठ डोस पूर्ण झाले आहेत. अभिनंदन! शाळाप्रवेशासाठी लागणारा दाखला कार्यालयातून घेऊन जावा.'

दोन स्वल्पविरामांच्या मध्ये नावापुरती जागा कोरी होती.

"नाव छापायचं राहिलंय," ती म्हणाली आणि तिने कीबोर्ड ओढला. "देते दुरुस्त करून. काय नाव मुलाचं?"

तिने मान वर केली.

"मला दोन मुली आहेत," बाई म्हणाल्या. "थोरली अकरा वर्षांची, धाकटी चारची. मधलं घरी आलंच नाही."

तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"फोन यांचा आहे. आज विसरून गेले घरी. वाजला म्हणून मी बघितला. वाटलं, कुणी टवाळी करतंय की काय. बेकरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक इथे आले." बाईंचा आवाज चढला नव्हता. "कुणी केलं हे?"

तिने नंबर टाकून त्या घराची नोंद उघडली. आईच्या नावाखाली मुलांची यादी होती. क्रमांक एक, थोरली. क्रमांक तीन, धाकटी. मध्ये दोन नंबरला नाव नव्हतं, जन्माची वेळ नव्हती, वजन नव्हतं. पण त्याखालचं लसीचं कार्ड भरलेलं होतं. आठच्या आठ चौकोनांत तारखा होत्या.

तिने खुर्ची पुढे घेतली. असं होणं शक्य नव्हतं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की शक्य होतं, आणि ते तिनेच शक्य केलं होतं.

तिचा प्रोग्रॅम घरापासून सुरू व्हायचा. घरातून आईकडे, आईकडून मुलांच्या यादीकडे, यादीतून एकेका मुलाकडे आणि मुलाकडून त्याच्या डोसांकडे. वाटेत एखाद्या क्रमांकावर मूलच सापडलं नाही, तर पूर्वी तो तिथल्या तिथे कोलमडायचा आणि मागच्या हजारो घरांचे मेसेज अडकून पडायचे. दोन महिन्यांपूर्वी तिने त्यावर तोड काढली. मूल सापडलं नाही, तर प्रोग्रॅमच्या हातात एक रिकामं मूल ठेवायचं. नाव कोरं, डोस शून्य, काहीही विचारलं तरी तक्रार न करणारं. कोडमध्ये तिने त्याला 'रिकामे मूल' असंच नाव दिलं होतं. त्या दिवसापासून प्रोग्रॅम एकदाही अडला नाही. सरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

डोस शून्य, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी सगळेच डोस राहिलेले. प्रसूतीची तारीख आईच्या नोंदीत होतीच. तेव्हा त्याने तिच्यावरून हिशेब मांडला आणि दर सोमवारी एकेका डोसाबद्दल विचारायला सुरुवात केली. 'दिला असल्यास १ पाठवा, नसल्यास २.'

"चूक माझी आहे," ती म्हणाली. तिने जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. बाईंनी ते ऐकलं की नाही, कळत नव्हतं. त्यांची नजर स्क्रीनवरच्या चौकोनांवर होती.

"मग या तारखा? त्या पण मशीनने घातल्या?"

"नाही. त्या उत्तरं आल्यावरच पडतात."

"कुणाची उत्तरं?"

तिने उत्तरांची यादी उघडली. उघडायला नको होती, हे तिला उघडल्यावर कळलं. आठ सोमवार, आठ ओळी, प्रत्येक ओळीत १. दहा वाजून चार मिनिटं. दहा वाजून दोन मिनिटं. दहा वाजून पाच. मेसेज दहाला सुटायचे.

"याच नंबरवरून आली आहेत," ती म्हणाली.

बाईंनी बोटाने एकेक ओळ मोजली, बोट काचेला न लावता.

"दहाला ते कामावर असतात," त्या म्हणाल्या. "काच कापतात. कापायला घेतली की फोनला हात लावत नाहीत. माझा गेला तरी उचलत नाहीत." त्या थांबल्या. "त्या दिवसानंतर त्यांनी एक शब्द काढलेला नाही, मॅडम. सहा वर्षं. मी विषय काढला की उठून जायचे. मग मी पण सोडून दिलं."

पंखा फिरत होता. बाहेर खिडकीवर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"हा मेसेज न वाचल्यासारखा करता येतो का?" बाईंनी विचारलं.

"येतो."

"करा. मी इथे आले होते हे त्यांना कळू देऊ नका."

तिने तो न वाचलेला केला. बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला, दोनदा चेन ओढून बघितली आणि त्या गेल्या.

दुपारी तिने जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या सिस्टरना गाठलं.

"आईच्या वहीत प्रत्येक बाळंतपणाला नंबर पडतो गं," सिस्टर म्हणाल्या. "बाळाचा कागद मात्र बाळ घरी गेलं तरच उघडतो. म्हणून मधले नंबर रिकामे दिसतात. आम्हाला माहीत असतं, आम्ही तिथे थांबत नाही." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुझं मशीन थांबलं वाटतं?"

अशी एक्केचाळीस घरं निघाली. बहुतेकांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं. तिघांनी 'कोण?' म्हणून विचारलं होतं. एका नंबरवरून एकदाच २ आलं होतं. अजून दिलेला नाही. ती त्या ओळीवरून पुढे गेली आणि परत मागे आली.

मग ती तयार दाखल्यांच्या खोक्याकडे गेली. दाखले आपोआप छापले जायचे आणि आडनावानुसार नाही, तर मुलाच्या नावानुसार लागायचे. त्या घरचा दाखला 'अ'च्याही आधी होता. सगळ्यात पुढे, नाव नसलेला एकच कागद, खाली कार्यालयाचा शिक्का. चांगला जाड कागद होता. तिने तो उजेडाकडे धरला आणि लगेच खाली घेतला.

त्यांच्या सरांना सगळे मागून कंसकाका म्हणायचे, कारण कोडमध्ये एकही कंस उघडा राहिलेला त्यांना खपायचा नाही. तिनेही इतके दिवस हसत हसत तेच म्हटलं होतं. आज त्यांच्या केबिनकडे जाताना ते नाव तिच्या तोंडात नकोसं झालं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो दाखला आधी नष्ट कर. त्या आठ तारखा पुस, खोट्या आहेत त्या. त्या घरांना पुन्हा मेसेज नको, माफीचासुद्धा. आणि रिकाम्या जागा गाळून टाक. एक आणि तीन असेल तिथे एक आणि दोन कर. यादीत फट ठेवलीस की आज ना उद्या कुणीतरी पडणार त्यात."

बोलण्यात खोट नव्हती. दाखला तिने कागद फाडायच्या मशीनमध्ये सरकवला. मशीनने तो इतर कुठल्याही कागदासारखाच ओढून घेतला. मग तारखा पुसण्याआधी, सरांनी सांगितलं होतं ते तिने नोंदींच्या एका वेगळ्या प्रतीवर करून बघितलं. फट मिटवली. तीन नंबरची धाकटी वर सरकून दोन नंबरला आली.

आणि दोन नंबरचे आठही डोस तिच्या नावावर चढले.

धाकटीचा पाच वर्षांचा डोस अजून व्हायचा होता. आता तिच्यापुढे सगळे चौकोन भरलेले दिसत होते. प्रोग्रॅमने तिला पूर्ण ठरवून टाकलं आणि तो पुढच्या घराकडे निघून गेला.

तिने सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तारखा आधी पुसल्या असत्या तर हे झालं नसतं," ते म्हणाले.

"या घरात झालं नसतं. पण वीस वर्षांच्या वह्या क्रमांकावर चालतात, सर. फट मिटवली की प्रत्येक घरात कुणाचं तरी कुणाला तरी जाणार."

"मग करणार काय? रिकामं मूल परत ठेवणार?"

"नाही. तिथे मूल ठेवायचं नाही. फक्त जागा ठेवायची. इथे कुणी नाही, एवढं प्रोग्रॅमला नीट कळलं पाहिजे. काही विचारायचं नाही, पाठवायचं नाही, पुढच्याकडे जायचं. पण जागा मोजायची."

"मोजायची?"

"मोजायचीच."

सर थोडा वेळ स्क्रीनसमोर उभे राहिले. "बरं," ते म्हणाले, आणि जाताना खोलीचं दार हळू लावून गेले.

काम चार दिवस चाललं. तिने 'रिकामे मूल' जिथे जिथे होतं तिथून काढलं. शोधल्यावर ते तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त ठिकाणी सापडलं. घरात वाढत्या वयाचं मूल फिरतं तसं ते दोन महिन्यांत प्रोग्रॅमभर फिरून आलं होतं. शेवटच्या ठिकाणचं पुसताना तिने उगाचच आवाज न करता बटण दाबलं. आठ तारखा मात्र तशाच होत्या. उद्या पुसू, असं ती रोज म्हणत होती.

सोमवारी अकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा राहिला. उंच, थोडा वाकलेला, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या.

"खिडकीवर म्हणाले, दाखला सापडत नाही. आत विचारा," त्याने फोन पुढे केला. "अपत्य क्रमांक दोन."

तिने त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "तो मेसेज आमच्या चुकीने गेला. सगळेच मेसेज चुकीने गेले. मला माफ करा."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"पहिल्याच सोमवारी कळलं." त्याने तळहात टेबलाच्या कडेवरून सावकाश फिरवला, धार तपासल्यासारखा. "जन्माच्या वेळचा डोस दिला का, असं विचारलं होतं. नाही म्हणवेना."

तिने पाण्याचा पेला त्याच्याजवळ सरकवला.

"पुढच्या सोमवारी दीड महिन्याचा आला. मग अडीच महिन्यांचा. मला वाटायचं, आता बंद होतील. पण यायचेच. मी काच खाली ठेवून वाट बघायचो." तो किंचित हसला आणि ते हसू त्याने लगेच आवरलं. "गेल्या सोमवारी पाच वर्षांचा आला. म्हटलं, चला, सुटलो. शाळेत जाईल आता."

फोनचा पडदा आपोआप विझला. त्याने तो खिशात घातला.

"घरी पत्ता लागू देऊ नका. तिला सोसायचं नाही. आत्ता कुठे सावरली आहे."

तिने मान हलवली. हेच आश्वासन ती आधी एकदा देऊन बसली होती, हे त्याला सांगायची सोय नव्हती.

"दाखला मला देता येणार नाही," ती म्हणाली. "पण ती नोंद दुरुस्त करायची आहे. त्याला अर्ज लागतो."

"द्या. आत्ता भरतो."

"आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतात. इथेच, समोर."

त्याने तिच्याकडे बघितलं. "दोघांच्या?"

"दोघांच्या. गुरुवारी या."

असा कुठलाही अर्ज नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तिने तो टाइप केला. सिस्टरनी मागून वाचला आणि त्या म्हणाल्या, "हा नियम कधी आला गं?"

"आजच."

सिस्टरनी पुढे विचारलं नाही. सहीखालच्या एका शब्दातली चूक मात्र दाखवली.

गुरुवारी कुणी आलं नाही. शुक्रवारीही नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी तारखांबद्दल विचारलं आणि तिने एक-दोन दिवस मागून घेतले. आपण लोकांच्या घरात नाक खुपसलं, असं तिला जेवताना वाटायचं आणि डबा अर्धा राहायचा.

बुधवारी ती दोघं आली. तो पुढे, बाई दोन पावलं मागे. बाईंनी तिला असा नमस्कार केला जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या. तिनेही तसाच केला. दोघं शेजारच्या खुर्च्यांवर बसली. मधल्या जागेत बाईंनी पर्स ठेवली.

त्याने अर्ज स्वतःकडे ओढला. पत्ता लिहिला. आईचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं. प्रसूतीची तारीख कुणाला न विचारता लिहिली. पुढची ओळ होती 'अपत्याचे नाव'. तिथे त्याचं पेन थांबलं.

"ती ओळ सोडली तरी चालेल," ती म्हणाली.

तो वाकला आणि त्याने लिहिलं. तीन अक्षरं, सावकाश, शाळेतल्यासारखी. मग तो मागे टेकला. त्याने बायकोकडे बघितलं नाही.

बाईंनी कागद फिरवून स्वतःकडे घेतला. बराच वेळ त्या नुसत्या वाचत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, मधल्या अक्षराची पहिली वेलांटी खोडली आणि तिथे दुसरी काढली.

"दीर्घ," त्या म्हणाल्या. "आपलं ठरलं होतं ना."

त्याने कागदाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "दीर्घच."