आईचं वाक्य

इंग्लंडमधल्या बोल्टनच्या दवाखान्यात नर्सने ग्वेनला ओळखलं आणि खुर्ची ओढून ती जवळच बसली. "बाई, मालिकेतलं ते तुमचं वाक्य एकदा म्हणा ना. आमची आई अजून म्हणते."

वाक्य ग्वेनचं नव्हतंच. तिची आई दर रविवारी चहा ओतताना म्हणायची, "माझी काही तक्रार नाही हो," आणि मग स्वतःच्या गुडघ्यांपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. ग्वेनने ते उचलून टीव्हीवरच्या आपल्या विनोदी मालिकेत घातलं, स्वतःच म्हटलं, आणि सगळा देश हसला. मग खाटकाच्या दुकानातसुद्धा लोक आईला ते म्हणून दाखवायला लागले. आईने तक्रार करणंच सोडलं. तिच्या पोटातली गाठ कळली, तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

"बरं, राहू द्या," नर्स म्हणाली. "दुखतंय कुठे, ते तरी सांगा."

ग्वेनने पोटावर हात ठेवला, पण तोंडून निघालं ते एवढंच, "माझी काही तक्रार नाही हो."

नर्स पोट धरून हसली. ग्वेन सवयीने हशा ओसरायची वाट बघत थांबली.