वादळाआधीचं कर्ज

मेक्सिकोच्या आखातावरच्या पोर्ट सेलिना गावात वादळ विमा मंडळाची जाहीर सभा भरली होती, आणि मतं तीन-तीन अशी अडली होती. उरलं होतं एकट्या वर्ना कोवारचं. वादळाचा हंगाम सुरू व्हायच्या आत रोखे विकून पैसा उभा करून ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. राज्याने मंडळाला कर्ज काढायची मुभा दिली होती. फेड मात्र किनाऱ्यावरच्या प्रत्येक पॉलिसीवर जादा आकार लावूनच व्हायची होती.

माइकसमोर एलिसेओ आला. कोळंबीची बोट चालवणारा, वर्नाचा शाळेपासूनचा दोस्त. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत. त्याने एकातच उरकलं.

"वर्नाबाई, न आलेल्या वादळाचं व्याज आम्ही का भरायचं? हे कर्ज काढलंत तर मी पॉलिसी सोडतो. वादळ दिसलं की घेईन परत!"

हशा पिकला. वर्ना हसली नाही. मागच्या वादळात मंडळाची तिजोरी आटली, तेव्हा याच एलिसेओची आई छप्पर उडालेल्या घरात चौदा महिने निळ्या ताडपत्रीखाली राहिली होती. सगळं उडून गेल्यावर कर्ज मागायला निघालेल्याला दारात कोण उभं करतं? तिने कर्जाच्या बाजूने हात वर केला.

एलिसेओ बोलल्याप्रमाणे वागला. वर्ना दोनदा धक्क्यावर जाऊन त्याच्याशी भांडली, पण तो जाळ्यातून मान वर काढायला तयार नव्हता.

ऑगस्टमध्ये वादळ आखातात शिरलं. दुपारी एलिसेओचा फोन आला.

"लिही गं माझं नाव. हवा तर दंड लाव."

"वादळ आखातात आलं की नवी पॉलिसी बंद, एलिसेओ. कुणालाच मिळत नाही."

"तू मंडळावर आहेस ना?"

"म्हणूनच नाही."

वर्नाने गाडीत प्लायवूड टाकलं आणि त्याचं घर गाठलं. दोघं खिडक्या ठोकायला लागले. गल्लीतल्या सगळ्यांना महिन्याभरात भरपाई मिळेल, याची तजवीज तिनेच केली होती. हे एक घर तेवढं त्यात नव्हतं. आपलं खरं ठरलं याचा तिला संताप आला, आणि डोळे भरून आले.

"तुझंच बरोबर होतं," एलिसेओ म्हणाला.

"गप्प बस."

"मग रडतेस कशाला? ती कड धर, फळी सरकतेय."